उलटा फेर

ऑफिसच्या कोपऱ्यात छत्र्या साठत जातात आणि कुठली कोणाची ते कळेनासं होतं, किश्श्यांचंही तसंच. आमच्या सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधले यंदाचे बहुतेक किस्से मात्र एलिझचेच.

एलिझ कॅनडाची, हुरॉन-वेंडाट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. जुन्या पुस्तकांत तिच्या लोकांना ‘इंडियन’ म्हणतात, एवढं ऐकून आमचे मॅनेजर कुलकर्णी यांनी कल्चरल डेसाठी तिला आमच्या भारतीय ग्रुपमध्ये टाकलं. ती शांतपणे म्हणाली, "तुम्हाला शोधायला निघालेला माणूस आमच्याकडे पोचला, त्यातली ही गडबड."

कुलकर्णी म्हणाले, "मग आता बरोबर पत्त्यावर आलीस!"

*

तिला तिच्याकडचा नाच करायचा होता. तो एकटीने होत नाही, फेर लागतो, आणि तिची माणसं इथे कुठून आणायची? राहिलो आम्ही मराठी. त्यात तिची आई व्हिडिओ कॉलवर बघणार होती आणि नाचाचं गाणं एलिझने आजवर कधी पुढे होऊन म्हटलं नव्हतं. तिची झोप उडाली, आणि तिच्याबरोबर माझीही!

वुडलँड्सला आमच्या राहत्या ब्लॉकखाली प्रॅक्टिस सुरू झाली. एलिझ शिंगाचा खुळखुळा वाजवायची. तिचा फेर घड्याळाच्या उलट जाणारा, आमचे पाय प्रदक्षिणेचे. रोज कोणीतरी कोणावर आदळायचं. पुण्याहून आलेली माझी आई बाकावरून म्हणाली, "उलटी प्रदक्षिणा? मी नाही बाई."

माझी मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी, जस्ट फॉलो, लाह."

आजी काही हलली नाही.

*

एलिझच्या पिशवीवर मण्यांचं कासव आहे. तिचं कुळ कासवाचं, आणि त्यांच्यात कुळ आईकडून येतं. हे मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "आपल्याही देवळात आधी कासव, मग देव." पुढच्या प्रॅक्टिसला ती त्या मण्यांकडेच बघत बसली.

*

कार्यक्रमाच्या संध्याकाळी खुर्चीवर फोन उभा केला. त्यात एलिझची आई. खुळखुळा वाजला, एलिझने पहिली ओळ म्हटली आणि आम्ही सवयीने निघालो उलट्याच्या उलट! कुलकर्णी माझ्यावर, मी त्यांच्यावर. एलिझची ओळ अर्ध्यातच तुटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात माझी आई उठली. म्हणाली, "अरे, लेकीची आई बघतेय." तिने कुलकर्णींना कोपराला धरून फिरवलं आणि स्वतः एलिझच्या मागे चालू लागली. आम्ही तिच्या मागे. गाणं पुरं झालं.

फोनमधून एलिझची आई काहीतरी म्हणाली. एलिझ डोळे पुसत मला म्हणाली, "आई विचारतेय, या आजी कुठल्या कुळाच्या?"

मी मराठीत सांगितलं. आईने पदर सारखा केला.

"माहेरचं विचारतेय, की सासरचं?"