चहाच्या कपाखालचं गाव

माझी मैत्रीण भूगोलाची शिक्षिका होती. निवृत्त झाली तरी भूगोल तिला सोडून गेलेला नाही. कात्रजचा जुना बोगदा आला की ती पाण्याचा घोट घ्यायला थांबते आणि हे पाणी इकडे पडलं असतं तर कुठे गेलं असतं, तिकडे पडलं असतं तर कुठे, ते सांगते. अशा बाईपासून एक अख्खं गाव लपवायचं मी ठरवलं होतं.

आम्ही दोघी साठीच्या अलीकडच्या-पलीकडच्या. मी विमा कचेरीत आयुष्य काढलं. नोकरी सुटल्यावर दोघींनी गिअरच्या सायकली घेतल्या आणि रविवारी पहाटे स्वारगेटला भेटून निघायला लागलो. कसबा पेठेतल्या आमच्या गल्लीत माझं हेल्मेट पाहून शेजारच्या आजोबांनी विचारलं होतं, "कुठे बांधकाम काढलंय का?" त्यानंतर मी हेल्मेट गल्लीच्या तोंडाशी गेल्यावरच घालते.

त्या हिवाळ्यात मैत्रिणीने फर्मान काढलं की तोच तो सिंहगड रस्ता आता पुरे. नवी फेरी आख. वर्तुळाकार हवी, गेलो त्या रस्त्याने परत यायचं नाही. डोंगर हवेत, गावं हवीत, हायवे शक्य तितका कमी, आणि अर्ध्यावर बरा चहा. "बरा म्हणजे तुला बरा वाटतो तो नाही," असंही तिने स्पष्ट केलं.

मी मोबाइलवर नकाशा उघडून बसले. स्वारगेटहून मार्केट यार्ड, कोंढवा, बोपदेव घाट, मग पठारावरून गराड्याच्या बाजूने मरीआईचा घाट उतरून शिवापूर, आणि कात्रजच्या जुन्या बोगद्यातून परत. फेरी सुंदर जमत होती. आणि या वर्तुळापासून जरासं बाजूला, अंजिराच्या बागांमध्ये, तिच्या लेकीचं सासर होतं. त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेल.

त्या गावात ती लग्नानंतर पाऊल टाकत नव्हती. लग्न मुलाच्या दारात झालं, मोठा मांडव, पंगतीवर पंगती. जेवणं झाल्यावर विहीणबाईंनी मोठ्या हौसेने विचारलं, जेवण कसं झालं. माझी मैत्रीण म्हणाली, "भरपूर होतं."

पुण्याबाहेरच्या वाचकाला यात काही गैर दिसणार नाही. पण चवीबद्दल अवाक्षर नव्हतं, आणि विहीणबाईंना पुणं ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं भरपूर म्हंजी किती असतं ओ, वाटीभर?" तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. लेक आणि जावई पुण्यातच नोकरीला, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. पण दोन शहाण्या बायका एका शब्दावरून वर्षानुवर्षं तोंडं फिरवून बसतात हे मला बघवत नव्हतं. खरं सांगायचं तर बघवत नव्हतं यापेक्षा, मिटवलं कुणी असा प्रश्न निघाल्यावर माझं नाव निघावं, ही इच्छा जास्त होती.

मी वर्तुळ थोडं वाकवलं. आता रस्ता थेट विहीणबाईंच्या अंगणावरून जात होता. प्रश्न नकाशाचा होता. मैत्रिणीला पाठवायच्या चित्रावर गावाचं नाव ठळक दिसत होतं. मी त्या नावावर चहाच्या कपाचं चित्र चिकटवलं आणि पाठवून दिलं.

तिचा निरोप लगेच आला. "कप फार मोठा झालाय. त्याच्याखाली किती चौरस किलोमीटर बुडाले?"

मी कळवलं की चहा तिथे फार छान मिळतो, म्हणून मोठा. त्यावर तिने निघायची वेळ विचारली. मला वाटलं, पचलं.

मग नवऱ्याला घेऊन स्कूटरवर रस्त्याची पाहणी करून आले. खड्डे कुठे आहेत ते बघायचं असं त्याला सांगितलं होतं, पण अंजिराच्या बागेसमोर स्कूटर थांबवायला लावली तेव्हा त्याला सगळा बेत कळला. दुसऱ्यांच्या भांडणात आपली सायकल घालू नये, असं त्याचं मत पडलं. मी त्याला वाटेत घेतलेला मटार सोलत बांधावर बसवलं आणि आत गेले.

विहीणबाई ओसरीवर होत्या. धिप्पाड बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, डोळ्यांत सतत काहीतरी शिजत असल्यासारखं. मी कोण ते सांगितलं, मैत्रिणीचं नाव घेतलं. त्यांनी तोंड फिरवलं.

"त्या बाईचं नाव माझ्या दारात काढू नका, ताई."

मी खूप समजावलं. वय काय राहिलंय, मुलांना किती त्रास होतो, कुणीतरी एक पाऊल पुढे टाकावं. माझा आवाज मध्येच भरून आला, तो मी मुद्दाम भरून आणला होता. विहीणबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. मला वाटलं, त्यांनाही गहिवरून आलं. शेवटी त्या म्हणाल्या, "येऊ द्यात. पाणी इचारीन. च्याचं त्या येळी बघू."

परत येताना मी इतकी खूश होते की बोपदेव घाटात नवऱ्याला गाणं म्हणून दाखवलं.

ठरल्या रविवारी आम्ही निघालो. मार्केट यार्डापाशी भाजीचे ट्रक उभे होते, हवेत ओल्या कोथिंबिरीचा वास. कोंढवा मागे पडल्यावर घाट लागला. पहिल्याच वळणाला माझी बोलती बंद झाली. मैत्रीण मात्र एका लयीत चढत होती आणि वर मला खडकांचे थर दाखवत होती. माथ्यावर पोचलो तेव्हा खाली सगळं शहर धुक्यात बुडालं होतं. ती म्हणाली, पुणं असं झाकलेलं असलं की बरं दिसतं.

पठारावर वारा गार होता. दोन्ही बाजूंना मटाराची शेतं, मध्ये मध्ये सीताफळाच्या निष्पर्ण बागा. मी मनात भाषण जुळवत होते. फाटा जवळ आल्यावर मी म्हणणार होते की इकडे एक घर आहे, चहा फक्कड मिळतो. पण मैत्रीण माझ्या पुढे होती. फाट्यावर तिने न थांबता, न विचारता सायकल डावीकडे घातली. मला वाटलं, नकाशावरचा कप तिच्या ध्यानात राहिला. चला, आपल्याच पथ्यावर पडलं.

पुढच्या वळणावर एक आखूड पायवाट होती. ती मला पाहणीतही सापडली नव्हती. मैत्रीण त्या वाटेने अंगणात उतरली, सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकवली आणि सरळ घराच्या मागे निघून गेली. मी अंगणात एकटी, हेल्मेट घालून उभी. मागून नळाचा आवाज आला. थोड्या वेळाने ती तोंड पुसत आली. खांद्यावर त्या घरातला टॉवेल होता.

विहीणबाई दारात आल्या. त्यांच्या हातात तीन कप होते. "हा तुमचा, बिनसाखरंचा," असं म्हणून त्यांनी एक तिला दिला आणि मग माझ्याकडे वळल्या. "ताई, बसा की. रडणार असाल तर आधी च्या घ्या."

दोघी हसायला लागल्या. इतक्या हसल्या की मैत्रिणीला कप खाली ठेवावा लागला.

मग सगळं बाहेर आलं. मागच्या वर्षी विहीणबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन पुण्यात झालं. लेक-जावई तेव्हा कामासाठी परदेशात. मैत्रिणीला राहवलं नाही, डबा घेऊन गेली. विहीणबाईंच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "भरपूर हाय." तिथेच भांडण संपलं. गुरुवारी माझी मैत्रीण मौन पाळते, फोन उचलत नाही, असं आम्ही सगळे आदराने सांगत असू. ते मौन ती स्वारगेटहून बस पकडून इथे ओसरीवर पाळत होती.

"मग सांगितलं का नाहीस?" मी जरा रागानेच विचारलं.

तिने शांतपणे समजावलं. भांडण आहे म्हणून जावई दिवाळीला दोन दिवस इकडे राहतो आणि दोन दिवस तिकडे. लेक आईला वेगळी फिरायला नेते, सासूला वेगळी. मिटलं असं कळलं की दोघींना एका गाडीत बसवतील आणि एका दुपारच्या जेवणात उरकतील.

"न्हाई मिटलेलं," विहीणबाई मटाराच्या उकडलेल्या शेंगा माझ्यापुढे सारत म्हणाल्या. "आन मिटायचं बी न्हाई. ध्यानात ठिवा."

माझ्या पाहणीच्या भेटीनंतर त्यांनी लगेच फोन करून मैत्रिणीला सगळं ऐकवलं होतं, माझा भरून आलेला आवाजसुद्धा. त्याची नक्कल त्यांनी मला करून दाखवली. चांगली होती. मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि शेंगा संपेपर्यंत मीही हसत होते. एवढं मोठं गुपित मला कळलं याचा आनंद, भांडण माझ्यामुळे मिटलं नाही या दुःखापेक्षा जास्त होता, असं मी स्वतःला सांगितलं.

तिथून पुढे मरीआईच्या घाटाचा उतार लागला. खाली शिवापूरचं खोरं उन्हात पसरलेलं, ब्रेक धरून धरून हात भरून आले. फेरी म्हणाल तर मी आखलेल्यांत तीच उत्तम. आता आम्ही ती वरचेवर करतो.

घरी पोचले तेव्हा नवरा वाटच बघत होता. त्याने विचारलं, जमलं का काही.

मी बूट काढत म्हटलं, "नाही रे. पाणीसुद्धा विचारलं नाही. फार कडवट आहेत दोघी. अजून बऱ्याच फेऱ्या माराव्या लागतील."