ऑक्सिजनची चावी

अण्णानं मला गाडीचा एसी पान्यानं शिकवला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. लातूरच्या आमच्या गॅरेजात तो बॉनेट उघडून एकेका भागावर बोट ठेवायचा, आणि उत्तर चुकलं की पाना माझ्या बोटांवर. कॉम्प्रेसर गॅस दाबतो. समोरची कंडेन्सरची जाळी त्याची उष्णता बाहेर फेकते. ड्रायर ओल शोषतो. पुढं बारीक व्हॉल्व्हमधून सुटलेला गॅस डॅशबोर्डमागची कॉइल गार करतो. डॉक्टरीच्या परीक्षेला दोन वर्षं क्लास लावून जे पाठांतर जमलं नव्हतं, ते मार खाऊन सहा महिन्यांत जमलं. याचाही मला रागच यायचा.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पत्र्याच्या घरांची वेल्डिंग करून अण्णाचा हात तयार झालेला. ऑक्सिजनच्या सिलिंडरवर त्याचा देवाइतका भरवसा.

मे महिन्यात एका क्लासच्या सरांची गाडी आली. सरांना लगेच नांदेडला निघायचं होतं आणि एसीचा गॅस गळत होता. गळती शोधायला पाइपांत नायट्रोजन भरतात, वरून साबणाचा फेस लावतात. आमचा नायट्रोजन संपलेला. अण्णानं शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन ओढत आणला.

"अण्णा, आत तेल हाय. दाबाखाली ऑक्सिजन तेलाला लागला की भडका उडतो. क्लासात शिकवलंय."

सर हसले. अण्णानं त्यांच्यासमोर माझ्या कानफटात हाणली. "दोनदा नापास झालास आन् मला शिकवायलास व्हय? फिरव चावी!"

कान जळत होता. पुन्हा सांगता आलं असतं, हात बांधून उभं राहता आलं असतं. पण मला त्याची जिरवायची होती. उडू दे भडका, असं मनात म्हटलं आणि सिलिंडरची चावी एका झटक्यात फिरवली.

कॉम्प्रेसर फुटला. फेस लावायला अण्णा त्याच्यावरच वाकला होता. लोखंडाचा तुकडा उजव्या डोळ्यात घुसला. तापल्या इंजिनावर रक्त चरचरत होतं. सर बोंबलत रस्त्यावर पळाले आणि मी अजून चावी धरूनच उभा होतो.

दवाखान्यात हवालदारानं विचारलं, चावी कुणी फिरवली? मी तोंड उघडलं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या अण्णानं चाचपडत माझं मनगट पकडलं आणि मोडेल इतकं आवळलं.

"म्याच फिरवली, साहेब," तो म्हणाला. "ह्यो तर नको नको म्हणत होता."