भोंग्याची फट

वडिलांनी सरकारी कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी मुदतीआधीच सोडली आणि चामराजपेटच्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये भोंगे बनवायला घेतले. कारखान्याची पाळी सुटली की ओरडतात ते भोंगे. नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. मी नुकताच बी.कॉम. झालो होतो आणि दुसरं कुणी घेत नव्हतं, म्हणून शेडचा मॅनेजर होतो. माझं मुख्य काम म्हणजे गिऱ्हाईक आलं की वडिलांना हाक मारणं. पुढेपुढे ती दोनतीनदा मारावी लागे.

भोंग्याचं शास्त्र त्यांनी मला इतक्यांदा समजावलं, की वाणिज्य शाखेच्या माणसालाही कळलं. आत भोकं पाडलेला एक डबा गरगर फिरतो, तो रोटर. त्याच्याभोवती तशाच भोकांची, जागची न हलणारी कडी, तो स्टेटर. भोकासमोर भोक आलं की हवा धक्क्याने बाहेर पडते आणि लगेच वाट बंद होते. ही उघडझाप इतकी भराभर होते की तिचाच सूर होतो. भोकं वाढवली किंवा वेग वाढवला की सूर चढतो. पण आवाजात जोर किती, हे बरंचसं रोटर आणि कडीमधल्या फटीवर असतं.

"बंद म्हणजे बंद व्हायला पाहिजे," वडील म्हणत. "फट मोठी असली की बंद असतानाही हवा गळते. मग भोंगा ओरडत नाही, नुसते उसासे टाकतो."

फटीत पोस्टकार्ड जेमतेम सरकावं, हे त्यांचं माप. त्याहून कमी ठेवली तर रोटर तापून फुगतो आणि कडीला घासतो.

आणि एक रीत होती. भोंगा बसवला की वडील स्वतः चालत लांब जाऊन उभे राहत आणि मनासारखा ऐकू आला की पांढरा रुमाल वर करत. रुमाल वर गेल्याशिवाय भोंगा झाला असं आमच्याकडे कुणी म्हणत नसे. धंदा म्हणजे त्यांचा कान होता.

तो कान चालला होता. घरात टीव्ही असा लागायचा की आई म्हणे, "अहो, शेजाऱ्यांनी स्वतःचा टीव्ही घेतलाय. आता त्यांना आपल्या बातम्या नकोत."

"काय?"

"काही नाही. जेवायला या."

आमच्या घरातलं वैद्यकीय निदान एवढ्यावरच थांबत असे.

मग आनेकलच्या बाजूच्या एका कारखान्याचं काम आलं. शेतांपलीकडच्या वस्तीतून कामगार यायचे, तिथवर भोंगा जायला हवा होता. मी, वडील आणि आमच्या लेथवरचे अण्णा टेंपोतून गेलो. अण्णा घरी कन्नड बोलत; त्यांचं मराठी आमच्याच शेडमध्ये तयार झालेलं होतं, आणि ते वडिलांना सार म्हणत. भोंगा छपरावर चढवला. वडील नाचणीच्या शेतापलीकडच्या बांधावर जाऊन उभे राहिले.

भोंगा सुरू केला. माझे दात झिणझिणले. बांधावर रुमाल हलला नाही.

वडील परत आले. "बसलेला आवाज आहे. हवा गळतेय. फट कमी करा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मॅनेजर म्हणून मी आकाशाकडे पाहिलं.

शेवटी अण्णा म्हणाले, "सार, पोस्टकार्ड बरोबर जातं. स्वल्प जागा पाहिजे. तापला तर घासेल."

"घासेल तेव्हा बघू."

पुढच्या खेपेला जरा लहान कडी करून नेली. आता फटीत वर्तमानपत्राचा कागद तेवढा जात होता. वडील पुन्हा बांधावर गेले. या वेळी त्यांच्याजवळच बायका नाचणी खुरपत होत्या.

भोंगा चढत गेला. असा आवाज आमच्या शेडने कधी काढला नव्हता. मी कानांवर हात ठेवले, आणि शेतातल्या बायकांनीही खुरपी टाकून कान झाकले. त्यांच्यामध्ये वडील हात खाली सोडून, मान जरा तिरकी करून ऐकत उभे होते. मग त्यांनी एका बाईकडे पाहिलं. दुसरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

रुमाल वर गेला नाही. थांबता थांबता भोंग्याच्या आतून खरखर आली.

ते परत आले तेव्हा त्यांच्या चपलांना ओली माती होती. ती ते कारखान्याच्या पायरीवर फार सावकाश खरवडत बसले.

"घासतोय, सार," अण्णा म्हणाले.

"काय?"

अण्णांनी बोटावर बोट घासून दाखवलं.

"पहिली कडी आणली आहे का?"

"टेंपोत आहे, सार."

"तीच घाला. तिचा आवाज पुरेसा होता."

पुरेसा होता हे त्यांना कुणी सांगितलं, असं अण्णांनी विचारलं नाही. "सरी, सार," म्हणून ते कडी आणायला गेले.

वडिलांनी खिशातून रुमाल काढला, उगाच पुन्हा नीट घडी केली आणि माझ्यापुढे धरला. "जा. तू उभा राहा."

"मी? बाबा, मला यातलं काय कळतं?"

त्यांनी ऐकलं नव्हतं, की ऐकलं होतं, कुणास ठाऊक. मी चिखलातून बांधावर गेलो. बायका मला बघून हसल्या आणि आधीच कानांवर हात ठेवून तयार झाल्या.

भोंगा झाला. स्वच्छ, भरदार. मी रुमाल वर केला. तिकडे छपराखाली अण्णांनी आणि कारखान्याच्या पहारेकऱ्याने कानांत बोटं घातली होती. त्यांच्याशेजारी वडील हात मागे बांधून उभे होते आणि माझ्या हाताकडे पाहत होते.