नलूताईंच्या माथी मारलेलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. त्यात सांगण्यासारखं आहे तरी काय, असं स्वतःला पटवत आलो — मांजरांची पिल्लं होती, मेली, शेल्टरमध्ये मरतातच. मग ते अजून तोंडाशी येऊन का अडतं?

मी जनावरांचा डॉक्टर. बरीच वर्षं गाई-म्हशी तपासल्या आणि चाळिशीच्या आसपास शहराबाहेरच्या एका मांजरांच्या शेल्टरमध्ये शिकायला गेलो. घरातलं एक मांजर बरं करणं वेगळं आणि एका छपराखालची ढीगभर मांजरं बरी ठेवणं वेगळं, हे तिथं कळलं. आमच्या मुख्य डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी फेरीचा क्रम सांगितला. आधी पिल्लांची खोली. मग धडधाकट मोठी मांजरं. आजारी सगळ्यात शेवटी. आणि आजाऱ्यांकडं जाऊन आलात की त्या दिवशी पुन्हा पिल्लांकडं फिरकायचं नाही — काही झालं तरी. मांजरांचा पार्व्हो हा विषाणू कपड्यांवर बसून फिरतो आणि उलट्या-जुलाबांनी पिल्लांना बघता बघता संपवतो. इतका साधा नियम. लहान पोरालाही पाळता येईल असा.

नलूताई औरंगपुऱ्यात एका बोळात ब्लाउज शिवायच्या. त्या बोळातली सगळी मांजरं त्यांच्या मशीनभोवती. गिऱ्हाइकं चिडवायची, "नलूताई, आमचा ब्लाउज झाला, का पुन्हा कुणी व्यायलं?" त्यावर त्या म्हणायच्या, "व्यायली ना! तुमच्याच ब्लाउजवर व्यायली. नेता का तसाच?"

एकदा त्या शेल्टरवर तीन पिल्लं घेऊन आल्या. आई रिक्षाखाली गेलेली. पिल्लं मीच तपासली. डोळे स्वच्छ, ताप नाही, अंग भरलेलं. नवीन पिल्लं काही दिवस वेगळी ठेवायची असतात, पण जागा नव्हती. मॅडमना विचारून ती पिल्लांच्याच खोलीत घेतली.

आता इथं मी थांबतो नेहमी. मनातल्या मनात सांगतानासुद्धा.

मला तेव्हा पार्व्होवरच संशोधन करायचं होतं. आजाऱ्यांच्या खोलीत एक बोका पार्व्होनं शेवटच्या घटका मोजत होता. तो जाण्याआधी त्याचे नमुने मला हवे होते. म्हणून नलूताईंची पिल्लं आल्यानंतरच्या एका सकाळी मी क्रम मोडला — सरळ आधी त्याच्याकडं गेलो. नमुने मिळाले. खूश होतो, हे लपवत नाही. हात धुतले. अ‍ॅप्रन मात्र तोच. परत येताना पिल्लांच्या खोलीतून ओरडा ऐकू आला; माझ्यामुळंच त्यांच्या दुधाची वेळ टळून गेली होती. आत शिरलो. एकेकाला मांडीवर घेऊन दूध पाजलं. पोट भरल्यावर ती माझा अ‍ॅप्रन पंजांनी मळत बसली, त्याची कड चोखत झोपली. मला किती बरं वाटलं होतं!

काही दिवसांनी सगळी खोली एकदमच आजारी पडली. नलूताईंची पिल्लं आधी नाही — बाकीच्यांबरोबरच. रोग त्यांनी आणला असता तर आधी तीच पडली असती. हे माझ्याइतकं चांगलं तिथं कुणाला कळत होतं? त्या खोलीतलं एकही पिल्लू वाचलं नाही.

मॅडमनी सगळ्यांना बसवून विचारलं, "या खोलीत बाहेरून काय आलं?" प्रश्न मला एकट्याला नव्हता. मी गप्प बसू शकलो असतो. पण मीच बोललो — "नलूताईंची पिल्लं." बघा, वाक्यात खोटं काहीच नाही. म्हणून तर ते इतकं सहज निघालं.

इथून पुढं मांजरं आणू नका, हे नलूताईंना सांगायचं कामही माझ्याकडंच आलं. फाटकाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझ्यामुळं गेली का व ती?"

"तसंच दिसतंय," मी म्हणालो.

"अन् दुसऱ्यांची पण?"

"हो."

"बरं," म्हणाल्या, आणि पदर सावरत निघून गेल्या. भांडल्या असत्या तर? तर कदाचित — नाही. तरीही मी खरं बोललो नसतोच.

याच्याहून वाईट पुढं आहे. आता मी नव्या डॉक्टरांना शेल्टरमधली मांजरं बरी कशी ठेवायची, हेच शिकवतो. आणि प्रत्येक वर्गात एक गोष्ट सांगतो, एका प्रेमळ पण अडाणी बाईची, जिनं न कळत रोग आणला आणि खोलीच्या खोली संपली. पोरं माना डोलावतात. मी ती गोष्ट रंगवून सांगतो. चांगली सांगतो.

गेल्या वर्षी क्रांती चौकात नलूताई भेटल्या. मशीन विकलं, म्हणाल्या, आता गारखेड्यात लेकाकडं असते. बोलत होतो तेवढ्यात चपलांच्या दुकानातलं मांजर येऊन त्यांच्या पायाला अंग घासायला लागलं. त्या दचकून मागं सरल्या. साडी वर धरली. "नगं गं बाई, दूर हो! डॉक्टर, मी आता हातच लावत नाय कुणाला. लई पाप झालं माझ्याकडनं."

रस्त्यावर इतका गोंगाट होता, पण हे शब्द मला नीट ऐकू आले. मी काय बोललो असेन? गुडघे कसे आहेत, असं विचारलं. बरे आहेत, म्हणाल्या.

त्यांच्या लेकाचं घर मला माहीत आहे. तिथं जाऊन, लेक-सुनेच्या देखत मला त्यांना सांगायचं आहे, की ती पिल्लं माझ्यामुळं मेली आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ज्या ज्या वर्गात त्यांची गोष्ट सांगितली, त्यांनाही हेच सांगायचं आहे. अजून कुणालाही सांगितलेलं नाही.