अकरा पलंग, पन्नास दिवस

दुपारी दोन ते चार या वेळात त्या दुकानात कोणी मोठ्याने बोलत नाही. तसा नियम कुठे लिहिलेला नाही. पण रंगाच्या दुकानाशेजारचा बावीस पायऱ्यांचा जिना चढून माणूस वर येतो, पांढऱ्या चादरी घातलेले अकरा पलंग ओळीने मांडलेले बघतो आणि त्याचा आवाज आपोआप उतरतो. खिडक्यांना जाड पडदे आहेत. त्यांतून येणारा उजेड पातळ दुधासारखा पलंगांवर पसरतो. खालच्या रस्त्यावरचे हॉर्न वर पोचेपर्यंत उशीखालून आल्यासारखे ऐकू येतात.

इथे एकोणीस वर्षं गाद्या विकणाऱ्या माणसाला आजूबाजूचे दुकानदार ‘अंगाई’ म्हणतात. वय बावन्न, अंगाने किरकोळ, पायांत रबरी तळव्यांच्या चपला. तो गिऱ्हाइकाला गादीची जाडी सांगत नाही की स्प्रिंगा किती ते सांगत नाही. ‘आडवे व्हा,’ एवढंच म्हणतो आणि चार पावलं मागे सरकतो. बूट न काढणाऱ्यांसाठी पायाशी प्लॅस्टिकची पट्टी असते. दहा मिनिटं कोणाला उठवायचं नाही, हा मालकाचा नियम. साधारण पाचव्या मिनिटाला माणसं बोलू लागतात, तीही छताकडे बघत. नवरा-बायको जे एकमेकांना तोंडावर सांगत नाहीत, ते छताला सांगतात. एका जोडप्याने इथेच वेगळं व्हायचं ठरवलं आणि जाताना दोन वेगवेगळ्या गाद्यांची चौकशी केली. एक निवृत्त हेडमास्तर अर्धा तास घोरले आणि उठल्यावर म्हणाले, विचार करून सांगतो.

किंमत सांगायची ती दहाव्या मिनिटाला, आणि तीसुद्धा सबंध नाही. सात नंबरच्या पलंगावरची गादी एकावन्न हजारांची. ती दहा वर्षं टिकते. दहा वर्षांच्या रात्री तीन हजार सहाशे पन्नास. ‘रात्रीला चौदा,’ अंगाई हलकेच म्हणतो. डोळे मिटलेल्या माणसाला चौदा टोचत नाही.

हा भागाकार कामाचा होता. गडबड इतकीच झाली, की तो अंगाईबरोबर घरीही गेला.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. त्यांतल्या एका खोलीत सतरा वर्षांपूर्वीची गादी, मधोमध खोलगट. खड्ड्याखाली प्लायवूडची फळी सरकवलेली होती, ती दर आठवड्याला पायथ्याकडे घसरायची. अंगाईची बायको बेकरीत पॅकिंगच्या टेबलापाशी दिवसाचे आठ तास उभी असते. तीन वर्षांपूर्वी तिची कंबर धरली, ती पुरती सुटलीच नाही. सकाळी ती आधी कुशीवर वळते, मग हाताने कडेचा लाकडी पट्टा धरते, मग बसते, मग उभी राहते. या चार पायऱ्यांना पूर्वी एक मिनिट लागायचं, अलीकडे चार. तिचा भाऊ मुक्कामाला आला की म्हणायचा, ‘दाजी, तुमच्याकडे झोपलेल्या माणसाला सकाळी दोर सोडून वर काढावं लागतं.’

कंबर धरली त्याच महिन्यात कपडे धुण्याचं मशीनही बंद पडलं. एक्स-रे, औषधं, व्यायाम करून घेणारी बाई आणि नवीन मशीन, सगळं क्रेडिट कार्डावर गेलं. बाकी चौसष्ट हजारांच्या आसपास येऊन थांबली आणि तिथेच मुरली. दर महिन्याच्या बिलात दोन आकडे असायचे. एक एकूण, दुसरा किमान देय. अंगाईचा डोळा सरावाने लहान आकड्यावर जायचा. बत्तीसशे. तो ते बत्तीसशे तारखेच्या दोन दिवस आधी भरायचा, छत्तीस महिन्यांत एकदाही चुकला नाही. बँकेने खूश होऊन त्याची मर्यादा एक लाख केली, तेव्हा तो मेसेज त्याने मालकालाही दाखवला होता. बायकोने कधी विचारलं तर सांगायचा, थोडं राहिलंय. तिच्या मनात थोडं म्हणजे दहा-बारा हजार.

मेहुण्याने त्याला आणखी एक गोष्ट शिकवली होती. बिल बारा तारखेला निघतं, म्हणून खरेदी तेरा तारखेला करायची. मग पैसे भरायला पन्नास दिवस मिळतात, तेही बिनव्याजी. तेव्हापासून घरचं हजारभराचं वाणसामान दर तेरा तारखेला कार्डावर यायचं. तेल-साखरेची पिशवी घेऊन जिना चढताना अंगाईला आपण कोणाला तरी पन्नास दिवस झुलवतो आहोत असं वाटून बरं वाटायचं.

गेल्या वर्षी दुकानात मांडणीतल्या गाद्या बदलायची वेळ आली. वर्षातून एकदा जुन्या मांडणीच्या गाद्या नोकरांना निम्म्या किमतीत मिळतात. सात नंबर साडेपंचवीस हजारांना पडणार होती. अंगाईने मनाशी पक्कं केलं: या वेळी ती घ्यायची. तेरा तारखेला, कार्डावर. त्याने बायकोला आदल्या दिवशी, बारा तारखेला, गादी बघायला बोलावून ठेवलं. एकोणीस वर्षांत ती दुकानाच्या जिन्याखालून अनेकदा गेली होती, वर कधी आली नव्हती.

दुकानात त्या काळात एक बाई यायची. तिशीची, समोरच्या इमारतीत बँकेच्या कार्ड विभागात फोनवर बोलण्याचं काम करणारी. जेवणाच्या सुट्टीत यायची, तीन नंबरवर आडवी व्हायची, दहा मिनिटांनी उठून जायची. तीन महिने हेच चाललं होतं. मालक कुरकुरला तेव्हा अंगाईने त्याला समजावलं, की गिऱ्हाईक पिकतंय, हलवू नका.

अकरा तारखेला ती आली, आडवी झाली. अंगाई सात नंबरची चादर ताणत होता. आनंद पोटात मावत नव्हता, म्हणून त्याने तिला सांगितलं, की परवा ही गादी माझ्या घरी जाणार, पन्नास दिवस फुकट.

तिने डोळे उघडले नाहीत. ‘काका, मागचं बिल पूर्ण भरलंय ना?’

‘भरतो की. दर महिन्याला. बत्तीसशे.’

‘ते किमान झालं. मी पूर्ण विचारलं.’

अंगाईने चादरीचा कोपरा गादीखाली खोचला.

‘मग तुम्हाला पन्नास दिवस नाहीत,’ ती म्हणाली. ‘एकही नाही. मागची बाकी असली, की नव्या खरेदीवर त्याच दिवसापासून व्याज सुरू. तेराला घ्या, नाहीतर तीसला घ्या.’

मेहुण्याचं बरोबर होतं, कारण मेहुणा दर महिन्याला सगळं बिल भरायचा. हे त्याने सांगितलं नव्हतं. नुसतं किमान भरूनही कोणी चालवत असेल याची शंका मेहुण्याला आली नव्हती. अंगाईने विचारलं, की हे कुठे लिहिलेलं असतं. ती म्हणाली, बिलाच्या मागच्या पानावर. मग जरा वेळाने, झोपेच्या काठावरून, ‘मी दिवसातून साठ जणांना हे सांगते, काका. माणसं झोपेत असल्यासारखी हो म्हणतात.’ आणि तीच झोपली.

अंगाई काउंटरमागच्या स्टुलावर बसला. उशांच्या खोक्याचं एक झाकण फाडून त्याच्या आतल्या बाजूला त्याने पेन्सिलीने मांडलं. छत्तीस महिने, बत्तीसशे प्रमाणे: एक लाख पंधरा हजार दोनशे. एवढे भरले. बाकी चौसष्ट हजार, तशीच. महिन्याला व्याज साडेतीन टक्के, म्हणजे बावीसशे चाळीस. उरलेले साडेनऊशे-हजार बाकीतून उतरायचे आणि तेवढंच वाणसामान तेरा तारखेला वर चढायचं. तीन वर्षं तो एकाच पायरीवर चढउतार करत होता.

मग हाताने सवयीप्रमाणे पुढचा भागाकार केला. बावीसशे चाळीस, तीस रात्री. रात्रीला पंचाहत्तर.

समोर पलंग पांढरे, शांत, तरंगत असल्यासारखे. सात नंबर रात्रीला चौदा. ती नसलेलं घर रात्रीला पंचाहत्तर. तो ते झाकण बराच वेळ बघत राहिला. तीन नंबरवरची बाई कधी उठून गेली हे त्याला कळलं नाही. पायाशी पट्टीवर वाळूचे चार कण होते.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता बायको आली. बाराव्या पायरीवर एकदा थांबली, वर आल्यावर कंबरेवर हात ठेवून अकरा पलंग मोजल्यासारखे बघितले. म्हणाली, इथे तुम्ही दिवसभर उभे राहता? झोप कशी येत नाही? अंगाईने तिला सात नंबर दाखवला आणि गिऱ्हाइकाला म्हणावं त्याच सुरात म्हणाला, ‘आडवी हो.’

ती चपला काढून आडवी झाली. आधी ताठ, मग खांदे सुटले, मग टाचा. कंबरेखाली कायम राहणारी पोकळी गादीने भरून काढली, तेव्हा तिच्या तोंडून एक लहानसा आवाज निघाला, कोणी बऱ्याच दिवसांनी आठवावं तसा. अंगाई चार पावलं मागे सरकला नाही. मालक जेवायला गेला होता. अंगाई गादीच्या दुसऱ्या बाजूने, पट्टीवर पाय ठेवून, तिच्या शेजारी आडवा झाला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याने दुकानाचं छत पाहिलं. पंख्याच्या दांडीजवळ ओलीचा एक डाग होता, लांबट, होडीसारखा. सगळे याच्याशी बोलत असणार.

पाचव्या मिनिटाला तो म्हणाला, ‘कार्डाचे चौसष्ट हजार आहेत.’

पडद्याचा उजेड जरा हलला आणि परत जागेवर आला.

‘तुम्ही थोडं म्हणाला होतात.’

‘हो.’

अंगाईला ती झोपली असं वाटलं. मग तिने छतालाच विचारलं, ‘रात्रीला किती?’

‘पंचाहत्तर.’

‘आणि ही?’

‘चौदा. मला निम्मी, सात.’

ती हसली, कंबर दुखणार नाही इतकंच. म्हणाली, माणसांना चौदा-चौदा सांगून तुम्ही स्वतःच गुंगलात. मग तिने जे सांगितलं ते आधीच ठरवून आल्यासारखं होतं, तरी ठरलेलं नव्हतं. बँकेत तिच्या नावावर पंचेचाळीस हजारांची मुदत ठेव होती, सहा टक्क्यांची. कंबरेचं ऑपरेशन करावं लागलं तर म्हणून तिने ती तीन वर्षं बेकरीच्या पगारातून साठवली होती. वर्षाला सहा मिळवणारे पैसे एका कपाटात आणि वर्षाला बेचाळीस खाणारी बाकी दुसऱ्या कपाटात, असं त्या घरात चाललं होतं आणि दोन्ही कपाटं एकमेकांना ओळखत नव्हती.

‘उद्या ठेव मोडते,’ ती म्हणाली.

‘ती तुझ्या कंबरेसाठी आहे.’

‘कंबर कुठे पळून जात नाही. तुमचं व्याज पळतंय.’

‘आणि ही गादी?’

सातव्या मिनिटाला ती झोपली होती. अंगाई उठला. पावणेतीनला एक जोडपं आलं, सात नंबर विचारत. त्याने बोटानेच त्यांना चार नंबरकडे वळवलं. मालक जेवून आला, घड्याळाकडे बघितलं, झोपलेल्या बाईकडे बघितलं, अंगाईकडे बघितलं आणि आत जाऊन बसला. चाळीस मिनिटं तिला कोणी उठवलं नाही.

तेरा तारखेला अंगाईने काहीच खरेदी केलं नाही. ठेव मोडून पंचेचाळीस हजार कार्डावर भरले. एकोणीस हजार राहिले. कार्ड बायकोच्या शिवणाच्या डब्यात, बटणांखाली गेलं. वाणसामान रोखीने, म्हणून कमी. महिन्याला चार हजार भरायचे असं ठरलं, बत्तीसशेच्या वरचे आठशे तिच्या जादा पाळीतून.

मांडणी बदलायच्या आठवड्यात सात नंबर गेली. तीन नंबरवर झोपणाऱ्या, बँकेतल्या फोनवालीने घेतली. अंगाईने या वेळी आधी सबंध किंमत सांगितली, सूट वजा करून पस्तीस हजार सातशे. रात्रीचा आकडा त्याच्या ओठांवर आला होता, तो त्याने गिळला. तिने पैसे कार्डावरून दिले नाहीत, थेट खात्यातून दिले. हमाल जिन्यावरून गादी उतरवताना अंगाई वरून ‘कोपरा सांभाळा, कोपरा सांभाळा’ म्हणत राहिला.

सहाव्या महिन्यात कार्डाचे अकराशे आणि वर थोडे उरले होते, तेही भरले. पुढच्या बारा तारखेला सकाळी चहाच्या वेळी बिलाचा मेसेज आला. अंगाईने चष्मा लावला. शून्य नव्हतं. एकोणचाळीस होते. बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं मागे राहिलेलं व्याज. बायको कुशीवरून पट्ट्याला धरून बसत होती. ती म्हणाली, पाहुणे जिना उतरले तरी चप्पल विसरून गेले म्हणायचे. त्याने ते एकोणचाळीस तिथेच, कप हातात असताना, भरले. त्याच्या पुढच्या महिन्यात शून्य आलं. एकूण देय शून्य, किमान देय शून्य. दोन्ही आकडे सारखे असलेले त्याने पहिल्यांदा पाहिले.

गादी अजून घेतलेली नाही. ठेव परत भरायला सुरुवात झाली आहे, ती आधी. खोलगट गादी फळीसकट तशीच आहे. मात्र बायकोची गुरुवारी अर्धी पाळी असते, तेव्हा ती बावीस पायऱ्या चढून वर येते आणि नव्या सात नंबरवर आडवी होते. मालकाने तिची वेळ वीस मिनिटं केली आहे. अंगाई तेवढा वेळ जिन्याच्या तोंडाशी उभा राहतो आणि वर येणाऱ्यांना ओठांवर बोट ठेवून दाखवतो. तो आता सगळ्यांना आधी सबंध किंमत सांगतो. विक्री थोडी उतरली, मालक थोडा बोलला, मग तेही थांबलं.

मागच्या तेरा तारखेला त्याने बटणांखालून कार्ड काढून घेतलं आणि दुकानातून कंबरेखाली ठेवायची एक उशी घेतली, चौदाशेची. मागची बाकी काही नव्हती, तेव्हा या वेळी पन्नास दिवस खरोखरच त्याचे होते. पण दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकान शांत असताना, त्याने फोन काढला आणि चौदाशे भरून टाकले.

बायकोने संध्याकाळी विचारलं, मग पन्नास दिवसांचं काय केलंत.

‘एकोणपन्नास उरलेत,’ अंगाई म्हणाला. ‘असू देत.’