जीपचा पुढचा शाफ्ट

घनसावंगी तालुक्यात जनावरांची डॉक्टर म्हणून मी सोळा वर्षं स्कूटरवर फिरले. डांबरी रस्त्यावर तिची काही तक्रार नव्हती. वस्तीचा रस्ता लागला आणि काळी माती ओली असली की मात्र चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल दाबून बसायचा आणि गाडी जागच्या जागी थांबायची. मग खाली उतरायचं, काडीनं चिखल कोरून काढायचा, पन्नास पावलं जायचं, पुन्हा उतरायचं.

एकदा कुंभार पिंपळगावच्या पलीकडे एका वस्तीवर गाय अडली होती. वासराचा एक पाय मागे दुमडला होता. मी निघाले, पण शेवटचे दोन किलोमीटर स्कूटर सोडून औषधांची पेटी डोक्यावर घेऊन चालत गेले. पोहोचले तोवर वासरू गेलं होतं. गाय वाचली. मालकानं शब्दानं दोष दिला नाही, उलट हात धुवायला गरम पाणी आणून दिलं. परतताना मी ठरवून टाकलं की आता चार चाकं हवीत, आणि चारही चाकं ओढणारी हवीत.

आमचे हे हायस्कूलला गणित शिकवतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छोटी कार घे ना एखादी. जीप तुला झेपेल का?"

"कार रस्त्यापर्यंतच जाते," मी म्हटलं. "माझे पेशंट रस्त्यावर येत नाहीत. आणि झेपायचं म्हणाल, तर खवळलेला वळू मला झेपतो."

त्यावर ते हसले आणि विषय संपला.

महिनाभर मी फोनवर जीप पाहत होते. उंच केलेल्या, जाड टायरांच्या, टपावर दिव्यांची रांग असलेल्या. पाहून पाहून मला सगळं कळतंय असं वाटायला लागलं. मध्ये आठ दिवस ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन गाडी चालवायलाही शिकले. शेवटी कोणीतरी सांगितलं, अंकुशनगरला एका काकांकडे फोर बाय फोर जीप उभी आहे, त्यांना विकायची आहे. हे काका आयुष्यभर ऊसतोडीच्या टोळ्यांवर देखरेख करत फिरलेले. आता गुडघे दुखतात म्हणून घरीच असायचे.

मी आधीच फोन करून सांगितलं होतं की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. जनावर विकत घेताना ते बसलेलं असताना जाऊन पाहावं, उठतं कसं ते कळतं. तेच मी जीपला लावलं. थंड इंजिन दोन हिसक्यांत सुरू झालं. धूर थोडा काळा आला आणि लगेच निवळला. ऑईल पाहिलं, रेडिएटरचं पाणी पाहिलं, मागून वाकून चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, गंजली आहे का ते पाहिलं. कागदपत्रं बरोबर होती.

"फोर बाय फोर चालतं ना?" मी विचारलं.

"गिअर टाकून बघा की ताई," काका म्हणाले.

मोठ्या गिअरशेजारचा फोर बाय फोरचा छोटा दांडा ओढला. खटकन बसला. काढला, पुन्हा टाकला, पुन्हा बसला. मी खूश. गाडीच्या पोटाखाली झोपून पाहायला हवं होतं, पण नवा ड्रेस अंगावर होता आणि खाली शेणाचा सडा होता. रोज कोपरापर्यंत हात घाण करणारी मी, त्या दिवशी ड्रेसला जपले.

जीप घरी आली आणि मी फोनवर पाहिलेलं सगळं तिच्यावर करायला सुरुवात केली. रुंद टायर घातले. पुढे पिवळे दिवे लावले. दोन दिवस गल्लीतली लोकं येऊन पाहून गेली. आमच्या ह्यांनीसुद्धा तिच्याजवळ उभं राहून फोटो काढून घेतला.

पाचव्या दिवशी एका बैलाला पाहायला कापसाच्या शेताकडेनं निघाले. वाट ओली होती. मी मुद्दाम तिकडूनच गाडी घातली. मागची चाकं फिरायला लागली तसा ऐटीत छोटा दांडा ओढला. खटकन बसला. ॲक्सिलरेटर दिला. मागची चाकं खड्डा खणत राहिली आणि पुढची दोन्ही चाकं शांत उभी होती. रुंद टायरांच्या खाचा तर पहिल्या फेरीतच मातीनं भरल्या, त्यांचे गुळगुळीत लाडू झाले.

बैलाचा मालकच ट्रॅक्टर घेऊन आला. दोर बांधता बांधता म्हणाला, "मॅडम, तुमची स्कूटर बरी होती. ती तुम्ही ढकलून तर आणीत होत्या."

बैलाला इंजेक्शन दिलं, चहा घेतला आणि तशीच चिखलानं माखलेली जीप घेऊन थेट जालन्याला गेले. अंबड रस्त्यावर एक म्हातारे मिस्त्री जुन्या जिपांचंच काम करतात, असं ऐकलं होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांनी पोतं अंथरलं, जीपखाली सरकले आणि तिथूनच विचारलं, "मॅडम, गाडी किसने दिलाई?"

"मीच घेतली. का?"

"जरा नीचे देखो."

या वेळी मी ड्रेसचा विचार केला नाही. पाठीवर झोपून आत सरकले. चाचांनी बॅटरी धरली. मधल्या गिअरपेटीतून मागच्या चाकांकडे एक जाड लोखंडी नळी जात होती. तोच शाफ्ट इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेतो. पुढच्या चाकांकडे जाणारा तसाच दुसरा शाफ्ट हवा होता. तिथे मोकळी जागा होती.

"दांडा ओढला तर गिअर पडतो," चाचा म्हणाले, "पण पुढं ताकद न्यायला कोणीच न्हाई."

मला आधी हसू आलं, मग राग आला. मी अंकुशनगर गाठलं. काका ओसरीवर बसले होते. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "काका, जीपला पुढचा शाफ्टच नाही."

"न्हाईच," काका शांतपणे म्हणाले. "मी काढून ठेवलाय. कोरड्यात काय काम त्याचं? उगं डिझेल खातो."

"मग मला सांगितलं का नाही?"

"मी म्हटलं गिअर टाकून बघा, तुम्ही तेवढंच बघितलं. गिअर पडतो." मग त्यांनाच थोडं ओशाळल्यासारखं झालं. "बसा तर आधी. शाफ्ट मी कुठं विकून आल्तो व्हय? हाय की घरातच."

गोठ्यात कडब्याच्या गंजीच्या बुडाशी, पोत्यात गुंडाळून, ग्रीस लावलेला शाफ्ट होता. गंजाचा एक ठिपका नव्हता. काकांनी तो स्वतः उचलून जीपमध्ये ठेवला. त्यांची चूक होती, पण निम्मी माझीही होती. मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं. त्यानंतर त्यांनी जुनी जीप कशी पोसायची ते तासभर सांगितलं. चिखलातून आल्यावर पुढच्या चाकांचं ग्रीस पाहायचं, उतारावर न्यूट्रल करायचं नाही. मी सगळं वहीत लिहून घेतलं.

मग चाचांकडे जीप आठ दिवस राहिली. या वेळी मी फोन बाजूला ठेवला आणि माझं काम काय आहे ते त्यांना सांगितलं. मला कुठे डोंगर चढायचे नव्हते. मला चिखलातून पोहोचायचं होतं, औषधं शाबूत न्यायची होती आणि बसलेलं जनावर उठवायला मदत लागायची. रुंद टायर निघाले, त्यांच्या जागी कंपनीच्या मापाचेच अरुंद, खोल खाचांचे टायर आले. ते चिखल कापत खाली कडक जमिनीवर टेकतात आणि फिरताना माती झटकून टाकतात. पिवळे दिवे काढले. मागची आडवी बाकडी काढून एका बाजूला कप्प्यांची लोखंडी पेटी बसवली, आत स्पंज लावला म्हणजे बाटल्या आपटायच्या नाहीत. लशींचा थंड डबा सीटमागे पट्ट्यानं बांधला. पाण्याची टाकी आणि तिला तोटी हवीच होती, कारण हात धुवायला पाणी मागत घरोघर जायचा मला कंटाळा आला होता. बदलांची आरटीओत रीतसर नोंद करून घेतली.

एका गोष्टीवरून आमचं वाजलं. दोर बांधायचा हूक मला मागच्या बंपरवर हवा होता, हाताशी येईल असा. चाचा म्हणाले, "बिलकुल न्हाई. बंपर पत्रा हाय. जोर पडला की उखडून येईल आणि कोणाच्या तरी डोक्यात बसेल. हूक चासीला."

"वाकावं लागेल मला."

"मंग वाका."

हूक चासीलाच लागला.

परतीच्या पावसानंतर गोदावरीकाठच्या एका गावातून सकाळी फोन आला. म्हैस पाणी प्यायला उतरली आणि गाळात पोटापर्यंत रुतली. मी गेले तेव्हा दहा-बारा माणसं जमली होती, दोघांनी तिच्या शिंगांना दोर बांधला होता. मी गाडीतूनच ओरडले, "शिंगाला ओढू नका, मान जाईल तिची!"

मालकीण गुडघाभर गाळात उभी राहून म्हशीचं तोंड धरून होती. तिच्याशी ती सारखी बोलत होती. मला म्हणाली, "डॉक्टरताई, सात महिन्यांची गाभण हाय."

मी जीप मुरमाड जागेवर मागं घेतली. चासीला वाकून दोर लावला. उसाच्या ट्रॉलीचे रुंद पट्टे मी गाडीत ठेवत असे. एक पट्टा पुढच्या पायांमागून छातीभोवती घेतला, दुसरा पोट सोडून मागच्या बाजूनं. माणसांनी हातानं पायांजवळचा गाळ उपसला, तिथं बादल्यांनी पाणी ओतलं म्हणजे गाळाची पकड सुटते. पुढं घसरायला एक जुना पत्रा टाकला. सगळ्यांना दोरापासून लांब उभं केलं. फक्त मालकीण हलेना.

"मी तिला सोडून जात न्हाई," ती म्हणाली.

"सोडू नका. फक्त दोराच्या या बाजूला या."

छोटा दांडा ओढला, लो गिअर टाकला आणि क्लच सोडला. या वेळी चारही चाकांनी जमीन धरली. दोर ताणला. जीप इतकी हळू चालली की शेजारून मुंगी पुढे गेली असती. इंजिनाचा आवाजही वाढला नाही. मी आरशात पाहत होते. म्हैस एक वीत सरकली, हाताभर सरकली, मग गाळानं मोठा आवाज करून तिला सोडलं आणि ती कुशीवर पत्र्यावरून काठावर आली.

अंग पोत्यांनी चोळलं, सलाईन लावली, कॅल्शियम दिलं. मी तिच्या पोटावर हात ठेवून बसले. बराच वेळ काही कळेना. मग आतून एक धक्का बसला, अगदी स्पष्ट. मालकिणीचा हात ओढून मी तिथं ठेवला. तिलाही लागला. ती हात तिथंच ठेवून बसली. तासाभरानं म्हैस आधी मागून उठली, डगमगली, आणि चार पायांवर उभी राहिली.

मी टाकीच्या तोटीखाली हात धुवत होते. मालकीण शेजारी येऊन उभी राहिली. तिनं जीप या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"ही तुम्ही सोता चालिवता?"

"हो."

"शिकायला किती दिस लागले?"

"चालवायला आठ दिवस. समजायला जरा जास्त."

"आमच्यात ट्रॅक्टर हाय," ती म्हणाली. "घरचे म्हणतेत, बाईमाणसाला जमायचं न्हाई. मी विचार करून राह्यले, तुम्ही शिकवाल का?"

मी ओढणीला हात पुसले आणि जीपचं डावीकडचं दार उघडून आत सरकले. उजवीकडची, स्टिअरिंगसमोरची सीट तिच्यासाठी मोकळी ठेवली. काठावर सोयाबीन काढलेलं सपाट रान होतं, आणि माणसं अजून घरी गेली नव्हती. तिनं चिखलाचे पाय पायदानाला पुसले आणि वर चढली.