नेल्डाचे हात

आमची शेजारीण नेल्डा म्हणजे जन्माची बडबडी. स्वतःच्या लग्नात तिने पाद्रीबाबालासुद्धा धड बोलू दिलं नव्हतं. पण सीमेवरची नदी चोरून ओलांडून आलेल्यांना डांबतात ना, गावाबाहेरच्या त्या केंद्रात, तिथे ती पहाऱ्यावर लागली आणि हळूहळू तोंडच मिटलं. मी चिडवायचे, "पगार देताना जीभ काढून घेतात का गं?" पूर्वी लाटणं उगारायची. आता नुसती बघते.

नोकरी सोडता येत नाही. नवऱ्याचं, बेतोचं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि विमा हिच्या नोकरीवर. तिथला नियम असा की झडतीखेरीज कुणाला हात लावायचा नाही. एका रडणाऱ्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला, एकीचे केस सावरले, अशा दोन ताकिदी हिला मिळाल्यात. तिसरी मिळाली की घरी.

मार्चमध्ये होंडुरासची एक पोरगी, दिल्सिया, परत पाठवायला काढली. झडती नेल्डाकडे. आमच्याकडे निघणाऱ्याच्या कपाळावर थोरल्या बाईने अंगठ्याने क्रूस काढायचा असतो, त्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. त्यांच्याकडेही तसंच असावं. पोरीने कपाळ पुढे केलं.

"मावशी, निघते. इथे माझं कुणी नाही. एवढा क्रूस काढा."

"हात वर कर," नेल्डा म्हणाली. खांदे, काखा, कंबर, घोटे चाचपले. मग पुढची.

हे तिने मला रात्रीच्या जेवणासाठी निवडुंगाचे काटे काढता काढता सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं.

पुढच्या रविवारी तिची लेक यदिरा नर्सच्या नोकरीसाठी ह्यूस्टनला निघाली. मी वाटेसाठी मक्याचे तमाले घेऊन गेले होते. गाडीत सामान भरून झालं, यदिराने आईपुढे मान वाकवली.

"हात वर कर," नेल्डा म्हणाली, आणि लेकीचे खांदे चाचपायला लागली.

यदिरा आधी हसली. "अगं आई, चाकूबिकू नाही माझ्याकडे."

हात काखांवरून कंबरेला, कंबरेवरून घोट्यांपर्यंत गेले. बेतोने तोंड फिरवलं. नेल्डा उठून बाजूला सरकली, पुढची यायची आहे अशी. लेक तशीच मान खाली घालून उभी. शेवटी मीच अंगठा लावला तिच्या कपाळाला.

गाडी गेल्यावर मी विचारलं, "त्या दिल्सियाला क्रूस कुणी काढला का गं?"

"कॅमेरा होता," ती म्हणाली, आणि उद्याच्या पाळीचा गणवेश इस्त्रीला घेतला. तमाले ओट्यावरच राहिले होते.